अप्पांचं कांडप

आमच्या घरानं कोणता धंदा करावा हे ठरवायला जेवढी माणसं ओसरीवर येऊन बसली, तेवढी पुढं माझ्या लग्नालाही आली नाहीत. माझा बा नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होता. मुखेडकडचं गाव सोडून तो नांदेडात आला तेव्हा मी मायच्या कडेवर होते, आणि मी अकरावीत गेले तोवर त्याच्या पाठीवरून किती पोती गेली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. एक दिवस गाडीवरनं ज्वारीचं पोतं पाठीवर घेताना त्याच्या कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि तो तिथंच मटकन खाली बसला. डॉक्टरनं सांगितलं, आता वजन उचलायचं नाही, कायमचं. माझा थोरला भाऊ सुधाकर, आमचा दादा, नुकताच लातूरला एका कचेरीत कारकून म्हणून लागला होता. त्यानं आम्हा तिघांना लातूरला नेलं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची ओसरी, भिंतीवर आमचे दोन फोटो, आणि ओसरीत दिवसभर छताकडं बघत पडलेला बा. ज्या माणसानं जन्मात कधी दुपारी पाठ टेकली नाही, त्याला असं पडलेलं बघून घशाखाली घास उतरायचा नाही. म्हणून ठरलं की बाला बसल्याजागी करता येईल, अवघड नसेल आणि चार पैसे सुटतील असा एखादा धंदा बघायचा.

मग सुरू झाले सल्ले. आणि आज इतकी वर्षं झाली, नर्सची नोकरी करून मी पेन्शनीत निघाले, तरी ते सल्ले आठवले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गल्लीच्या तोंडाला एक मास्तर राहायचे. शिकलेला माणूस. आरामखुर्ची सोडून आमच्या ओसरीवर आले, चहाला 'आत्ताच घेतला' म्हणाले आणि बाला सांगू लागले, "भंगाराचं टाका. भंगार म्हंजे सोनं हाय बगा सोनं!" दुसरे एक आले, त्यांनी चपलांचं दुकान सुचवलं. तिसऱ्यानं केरसुण्या आणि टोपल्या. चौथा म्हणाला, डुकरं पाळा, लई वाढतेत. मी आत भाकरी थापत होते आणि ऐकत होते. त्याच महिन्यात समोरच्या घरातला पोरगा बारावी नापास होऊन बसला होता आणि हेच मास्तर त्याच्या ओसरीवर बसून त्याला सांगत होते, किराणा टाक, मेडिकल टाक, स्वीट मार्ट टाक. तिथं त्यांनी दोन कप चहा घेतला, तोही मी बघितला. म्हणजे सोपा आणि नफ्याचा धंदा प्रत्येक उंबऱ्याला वेगळा होता तर! त्याला पेढे आणि आम्हाला केरसुणी!

मायचं नाव इंदूबाई. गावाकडं आमच्या वस्तीत कुणाचं लग्न निघालं की चुलीवर मायच. पन्नास माणसांची आमटी असो नाहीतर पाचशे माणसांची, ती कधी चव घेऊन बघायची नाही, नुसत्या वासावर मीठ कमी की जास्त ते सांगायची. चार दिवस सगळ्यांचं ऐकून घेऊन पाचव्या दिवशी पीठ मळता मळता ती म्हणाली, "खानावळ टाकू की. शिकायला आलेली किती लेकरं दिसतेत या लातुरात. बिचारी कच्चंपक्कं खाऊन राहिलीत."

दादा बूट काढत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "जेवंल कोण?"

दोनच शब्द. मायचा हात क्षणभर परातीत थांबला आणि पुन्हा मळायला लागला. मला वाटलं, बा उठून याच्या कानफटात मारील. पण बानं कूस बदलली तेवढं केलं.

दादाला मी आज वाईट म्हणणार नाही. कचेरीत तो स्वतःचा कप घेऊन जायचा, रुमालात गुंडाळून. का नेतो ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्यानं धंद्यांना एक चाळणी लावली. कुणी काहीही सुचवलं की तो विचारायचा, "यात गिऱ्हाईकाच्या हातात आपल्या हातचं काय जातंय?" चहाची टपरी? न्हाई, कप आपला. बांगड्या? न्हाई, हातात हात घ्यावा लागतो. दूध? तेल? फरसाण? न्हाई, न्हाई, न्हाई. लोक धंदा निवडताना नफा बघतात, जागा बघतात, भांडवल बघतात. आणि आम्ही बघत होतो, आमचा हात कुठं लागत नाही! आणि हे सगळं करायला लावणारा कुणी बाहेरचा नव्हता, माझा शिकलेला भाऊ होता. मला तेव्हा बोलता आलं नाही. आता बोलून घेते.

शेवटी लोह्याहून मामा आले आणि त्यांनी सुटका केली. त्यांच्याकडं मिरची कांडायचं मशीन होतं. लोखंडाची चार उखळं, त्यात वरखाली होणारी चार मुसळं, एक मोटार आणि एक पट्टा. "दाजी, बसून करायचा धंदा हाय," मामा बाला म्हणाले. "उन्हाळ्यात गिऱ्हाईक आवरत न्हाई. मिरची त्यांची, धने त्यांचे, डबा त्यांचा. आपण फकस्त बटन दाबायचं." दादाचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू! 'आपण फकस्त बटन दाबायचं', हे तो रात्री जेवताना तीनदा म्हणाला. मामांनी नांदेडचा एक कारागीर गाठून जुनं मशीन नीटनेटकं करून दिलं, आणि पंधरा दिवसांत ते टेम्पोतून आमच्या गल्लीत उतरलं.

जागा मिळाली ती अप्पांच्या आवारात. अप्पा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले म्हातारे दुकानदार, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, आवाज मऊ. दुकान पोरांवर सोपवून ते घरीच असायचे. रस्त्याच्या बाजूचं त्यांचं पत्र्याचं शेड रिकामं होतं. आम्ही कोण ते त्यांना ठाऊक होतं आणि तरीही त्यांनी जागा दिली, हे मला कबूल करायलाच पाहिजे. चावी देताना ते दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे बग सुधाकर, कुणी इचारलं तर माझंच हाय म्हणून सांगा. माझं काय जातंय?" त्यांचं काहीच जात नव्हतं. जात होतं ते आमचं. पण दादानं वाकून त्यांच्या पाया पडून घेतलं. शेडमध्ये घरातल्या त्या दोन फोटोंपैकी एकासाठी मायनं खिळा ठोकला होता. दादानं तो लावू दिला नाही, फोटो बघूनच आम्ही कोण ते कुणालाही कळलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्याला अप्पांनी आणून दिलेलं त्यांच्या दुकानाचं कॅलेंडर लागलं, आणि गल्लीत नाव पडलं, 'अप्पांचं कांडप'.

सुरुवातीचे दिवस आम्ही सगळे नुसते शिंकत होतो. मशीन सुरू झालं की धप-धप, धप-धप असा आवाज पायाखालच्या जमिनीतनं वर यायचा, आणि त्यात शेजारी बसलेल्या माणसालाही ओरडून सांगावं लागायचं. मिरचीचा खकाणा डोळ्यांत, नाकात, केसांत. रात्री अंथरुणातही तोच वास. भाकरीला, दुधाला, माझ्या वहीच्या पानांना तिखट वास. बा तोंडाला उपरणं बांधून स्टुलावर बसायचा आणि उखळात मिरची सारायचा. पडून राहिलेला माणूस पुन्हा माणसात आला होता. मी कॉलेजातून आले की पिशव्यांना चिठ्ठ्या बांधायची, एकीची मिरची दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून. बायका पोत्यांवर नंबरानं बसून राहायच्या, कारण आपल्या डोळ्यांदेखत कुटून घेतल्याशिवाय कुणाचाच विश्वास बसत नाही. माय संध्याकाळी हातांची आग जावी म्हणून ताकात बोटं बुडवून बसायची, आणि मी तिला भाकरीचा घास भरवायची. शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि भाकरी. सांगायला लाज नाही, ते दिवस सुखाचे होते.

आणि मग मायला राहवलं नाही. बायका मसाल्याचं सामान घरून भाजून आणायच्या, पण कसं? धने जळालेले, खोबरं कच्चं, दगडफूल तसंच. मायला ते बघवायचं नाही. एका बाईला ती म्हणाली, "बाई, हे असं कुटलं तर वरीसभर कडू खाशील. आण इकडं." शेडच्या कोपऱ्यात चूल मांडली, लोखंडी कढई चढवली आणि तिनं ते धने भाजून दिले. दुसऱ्या दिवशी चार बायका आल्या. महिन्याभरात भाजून घेणाऱ्यांची रांग कुटून घेणाऱ्यांपेक्षा मोठी झाली. मायची खरी करामत येसरात होती. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी पाहिजेच. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरची, खडा मसाला असं सगळं वेगवेगळं भाजून एकत्र कुटायचं, आणि मग ती पूड उकळत्या आधणात सोडायची. यातला एकेक जिन्नस कधी उतरवायचा हे माय कढईतल्या वासावरून ओळखायची. दादाला हे कळलं तेव्हा तो तणतणला, "बटन दाबायचं ठरलं होतं, माय! हे सैपाकात येतंय!" पण गिऱ्हाईक वाढत होतं, बा खुशीत होता. मग दादानंच तोड काढली. कुणी विचारलं तर सांगायचं, भाजणारी बाई अप्पांकडं कामाला आहे. बस्स. म्हणजे भाजायचं मायनं, वाहवा अप्पांची, आणि माय कोण, तर कामाची बाई!

परवा माझी भाची प्रज्ञा, म्हणजे दादाचीच लेक, फोन दाखवत होती. कमी भांडवलात घरबसल्या करायचे दहा धंदे, असं काहीतरी. तिला मसाल्याची पाकिटं काढायची आहेत. कुठल्याशा शिबिरात कुणी साहेबानं तिला सांगितलं म्हणे, पाकिटावर आडनाव घालू नका मॅडम, एखादं घरगुती नाव द्या, अक्का, काकू असं काहीतरी, खप वाढतो. तिनं हसत हसत मला विचारलं, "आत्या, कोणतं नाव देऊ?" मी चहाचा कप असा आपटला की बशी फुटली. ती बिचारी घाबरून गेली. तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री मी हे प्रकरण लिहायला घेतलं.

तर एक दिवस शेडसमोर रिक्षा थांबली आणि त्यातून कापडवाल्या अक्का उतरल्या. त्यांचं मोठं कापडाचं दुकान होतं, लातुरात त्यांना कोण ओळखत नव्हतं? थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी कुणाकडं तरी मायच्या येसराची आमटी खाल्ली होती आणि शोधत शोधत स्वतः आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी एकदा खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं बाई! काय वास सुटलाय!" मग माझ्याकडं वळून मशीनच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "हे कांडप कुणाचं गं, पोरी?"

माय माझ्या पाठीमागं, दोन हातांवर कढईपाशी होती. मी चिठ्ठी लिहीत होते. मला कुणी शिकवून ठेवलं नव्हतं असं नाही, दादानं शंभरदा घोकून घेतलं होतं. पण जीभ माझी होती.

"अप्पांचं," मी ओरडून म्हणाले.

"आन ही बाई?"

"कामाला हाय. अप्पांकडं."

मागं, मशीनच्या धपधपीतही ऐकू येणारा, उलथनं कढईवर घासल्याचा आवाज क्षणभर थांबला. मी वळून बघितलं नाही. घरी गेल्यावर मायनं मला वाढलं, डोक्याला तेल लावलं. तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तरांना, दादाला, अक्कांना मी या पानांत एवढं झोडपते आहे, तर हेही लिहिते की माझ्या आईला तिच्याच चुलीसमोर कामाची बाई ठरवलं ते मी, माझ्या तोंडानं, आणि तेही कुणी दटावलं नसताना.

अक्कांचं येसर दोन दिवस चाललं होतं. मोठी दोन पोती भरली. अक्का दोन्ही दिवस येऊन बसल्या, मायशी गप्पा मारल्या, मायच्या हातानं चिमूटभर पूड तळहातावर घेऊन चाटून बघितली. "इंदूबाई, तुझ्या हाताला काय गोडी हाय गं!" असं म्हणाल्या. आणि जाताना त्यांनी आमच्या सगळ्यांचं कंबरडं मोडणारं आमंत्रण दिलं. लग्नघरी येसराचा मुहूर्त असतो. मुसळाला हळदकुंकू लावायचं, पाच सवाष्णींनी पहिली मूठ कांडायची, तीच मूठ मग सगळ्या पोत्यात मिसळायची. अक्का मायला म्हणाल्या, "पाचवी तू. जिनं भाजलं ती नगं का मुसळाला?"

त्या रात्री घरात जे झालं ते मला अजून ऐकू येतं. दादा म्हणत होता, जा, काय बिघडतंय, एक बोट हळद लावायची आणि यायचं, अक्कांचा शब्द म्हणजे निम्म्या लातूरचं गिऱ्हाईक. बा म्हणत होता, तुझ्या मनाला यील तसं कर. माय भिंतीला टेकून बसली होती, वर दोन फोटो. ती म्हणाली, "माझ्या बापानं देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले तवा मी एवढुशी होते. लोकांनी पाणी बंद केलं, काम बंद केलं, तरी त्यानं मागं बघितलं न्हाई. आता मी येसरासाठी मुसळाला हळद लावू व्हय रे सुधा?"

"मग जाऊ नगं. आजारी म्हणून सांगू," दादा म्हणाला.

"कामून? मला काय झालंय?"

ती गेली, आणि मला बरोबर नेलं. कापडवाल्यांच्या अंगणात मांडव पडलेला, मुसळाला आंब्याची पानं बांधलेली, हिरव्या लुगड्यातल्या बाया. अक्कांनी हौसेनं मायला पुढं ओढलं आणि हळदकुंकवाचं तबक धरलं. मायनं त्यांचा हात हळूच धरून तबक खाली केलं. "अक्का, राग नगा मानू. आमच्यात हे न्हाई. आम्ही बौद्ध हाओत. आन ते कांडप अप्पांचं न्हाई, माझंच हाय. येसर मी मनापासून भाजलंय, लेकीला सुखाचं जावो."

एका म्हातारीनं पदर नाकाला लावला. अक्कांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मी खोटं बोलले होते ते त्यांना आठवलं असणार. कुणीतरी म्हणालं, त्यांना वसरीच्या बाहेर बसवा. माय बसली नाही, चपला घालून निघाली. आम्ही फाटकाशी पोचलो तेवढ्यात अक्का मागून लगबगीनं आल्या. मला वाटलं, माफी मागायला. त्या मायच्या कानाशी लागून म्हणाल्या, "झालं ते झालं. पण कुणापाशी बोलू नगंस गं माय. पाव्हणे जेवून जाऊ दे."

म्हणजे काय, ते मला लग्नादिवशी कळलं. त्यांनी येसर फेकलं नाही! पाचवी सवाष्ण दुसरी उभी केली, मूठ कांडून घेतली, आणि तीच दोन पोती आधणात सोडली. दुपारी वाऱ्याबरोबर तो वास आमच्या गल्लीपर्यंत आला. माझ्या मायच्या हातचा वास. पंगतींवर पंगती उठत होत्या, लोक ओरपत होते, आणि माझी माय घरात पिठलं हाटत होती. फेकलं असतं ना, तर मी त्यांना एकदाच शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण यांना आमटी पाहिजे, आमटी करणारी नको! वास पाहिजे, हात नको! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी मायला म्हणाले, चल, मांडवात जाऊन सगळ्यांसमोर सांगू. माय म्हणाली, "जेवत्या माणसाला उठवायचं नसतंय."

पुढचं अजून मजेचं. आम्हाला वाटलं, आता धंदा बसला. पण गिऱ्हाईक कमी झालं नाही! कारण अक्कांनी आणि अंगणातल्या त्या बायांनी तोंडाला कुलूप घातलं. सांगणार कुठल्या तोंडानं? सांगितलं असतं तर सगळं वऱ्हाड काय जेवून गेलं तेही सांगावं लागलं असतं. शेड 'अप्पांचं कांडप'च राहिलं. दादा आनंदानं हात चोळत म्हणाला, "बगा, कुणाला कळलं बी न्हाई!" मग त्यानं मायपुढं हात जोडले, बाच्या औषधपाण्यासाठी तरी आता तू काही बोलू नकोस म्हणून. मायनं बाच्याकडं बघितलं. तो स्टुलावर बसून पट्ट्याला मेण लावत होता. ती म्हणाली, "बरं. मी कुणाला सांगणार न्हाई. पण मी कढई बी चढवणार न्हाई."

आणि तिनं कढई धुऊन चुलीवर पालथी घातली. पुढचं वरीसभर ती पालथीच होती. बायका यायच्या, बघायच्या, विनवायच्या. माय म्हणायची, "इथं फकस्त बटन दाबतेत." दादाचेच शब्द. धंदा चालला, साधा, सोपा, बिनबोभाट. पण घरात आमटीला चव राहिली नाही. माय स्वतःच्या घरचंही येसर भाजेना. तिच्या बोटांची आग थांबली, ताकाची वाटी बंद झाली, आणि ती बसल्या जागी बघत राहायला लागली, बा पूर्वी ओसरीत बघायचा तशी.

दुसऱ्या उन्हाळ्यात अक्कांच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं. होणाऱ्या व्याह्यांनी आमटी खाल्ली होती थोरलीच्या लग्नात, त्यांनी सांगून पाठवलं, येसर तसलंच पाहिजे. एक दिवस अक्कांचा गडी शेडच्या मागच्या दारानं सामान घेऊन आला. हळू आवाजात म्हणाला, "अक्कांनी सांगितलंय, भाजून ठिवा. अंधार पडल्यावर नेतो."

मायनं पोत्याला हात लावला नाही. "अक्कांना म्हनावं, ज्याची मिरची त्यानं यावं. दिसाउजेडी. पुढच्या दारानं. नंबर लावून बसावं."

गडी पोतं घेऊन परत गेला. दादानं डोकं आपटून घेतलं. आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी भर दुपारी रिक्षा थांबली. अक्का उतरल्या, मागं गडी, त्याच्या डोक्यावर पोतं. शेडमध्ये सात-आठ बायका पोत्यांवर बसलेल्या, त्यांत मास्तरांची बायकोही होती. मशीन चालू होतं. अक्का पदर सावरत शेवटच्या पोत्यावर बसल्या. मास्तरीणबाईंनी ओरडून विचारलं, "अगंबाई, अक्का, तुम्ही सोता आलात?" अक्कांनी इकडं तिकडं बघितलं आणि ओरडून उत्तर दिलं, "आले की! अप्पांचं कांडप हाय, म्हनलं आपलंच माणूस!"

मायनं बाला खूण केली. बानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हात लांब करून बटन बंद केलं. मुसळं एकेक करून थांबली. इतकी शांतता त्या शेडमध्ये मी कधी ऐकली नव्हती. उखळातली पूड खाली बसत होती आणि सगळ्या बायका बाच्याकडं बघत होत्या, लाइट गेली की काय म्हणून.

माय मला म्हणाली, "रेखा, मी कुणाला सांगणार न्हाई म्हनून शब्द दिलाय. तू दिला न्हाईस. सांग बरं, हे कांडप कुणाचं हाय?"

वर्षभरापूर्वी अक्कांनी विचारलेला तोच प्रश्न होता. माझ्या हातात चिठ्ठ्यांची सुतळी होती, ती मी ओढून ओढून तोडली. अक्का माझ्याकडं बघत होत्या, डोळ्यांनी 'नको' म्हणत होत्या. मी म्हणाले, "माझ्या मायचं. इंदूबाई कांबळेचं. अक्का, गेल्या सालचं येसर बी तिनंच भाजलं होतं, तुम्हाला ठावं हाय. मी तवा खोटं बोलले."

लातुरात आडनाव सांगितलं की पुढं काही सांगावं लागत नाही. मास्तरीणबाईंना ते पहिल्यापासून ठाऊक होतं, पण आता ते चारचौघींत बोललं गेलं म्हणून त्या उठल्या, आपली मिरची उखळात अर्धी कुटलेली होती तीसुद्धा न मागता निघाल्या. आणखी दोघी गेल्या. बाकीच्या बायका अक्कांकडं बघायला लागल्या, त्या काय करतात म्हणून. अक्का अर्ध्या उठल्या. गड्यानं पोतं डोक्यावर घ्यायला हात घातला. मग त्यांनी कोपऱ्यातल्या पालथ्या कढईकडं बघितलं, आणि पुन्हा खाली बसल्या. त्यांच्या नाकाचा शेंडा घामानं चमकत होता. त्या बसल्या म्हणून बाकीच्याही बसून राहिल्या.

कुणाला वाटेल, मला त्या क्षणी आनंद झाला असेल. छट्! मला असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मायपाशी जाऊन मी दात ओठ खात म्हणाले, "ती काय तुझ्यासाठी बसली न्हाई माय. आमटीसाठी बसलीय. व्याह्यांसाठी बसलीय."

माय पदर खोचत होती. "कशासाठी का बसंना," ती म्हणाली. "माझ्या दारात नंबर लावून बसलीय न्हवं? आन तुला काय वाटलं, मी तिच्यासाठी भाजणार हाय?"

तिनं दोन्ही हातांनी पालथी कढई सुलटी करून चुलीवर ठेवली, पदरानं आतून पुसली, आणि बाला बटन दाबायला सांगितलं.